झग्याखालचे हात

तंजावूरच्या दक्षिण वीथीत वेंकटरावांचा फोटोचा स्टुडिओ होता, आणि स्टुडिओतल्या पत्र्याच्या पेटीत एक विलायती झगा होता. झगा म्हणजे अर्धाच. त्याला पाठ नव्हती.

त्याची हकिकत अशी. तिरुचीचा कोणी इंग्रज अंमलदार मायदेशी निघाला तेव्हा त्याच्या मडमेचं सामान विकायला काढलं होतं. लोकांनी खुर्च्या घेतल्या, चिनी मातीच्या बशा घेतल्या. वेंकटरावांनी झगा घेतला. सायीच्या रंगाचं सॅटिन, हनुवटीपर्यंत बंद कॉलर, खांद्यांवर फुगे, कोपरापासून तंग होत गेलेल्या बाह्या आणि बाह्यांच्या टोकाला बोटांच्या पेरांपर्यंत उतरणारी लेस. राजवाड्यातल्या बायकांच्या असल्या पोशाखातल्या तसबिरी आहेत अशी गावात वदंता होती. बघितल्या कोणीच नव्हत्या, पण हौस सगळ्यांना होती. अडचण एवढीच, की नेसतं लुगडं सोडून परक्याच्या स्टुडिओत झगा घालायला बाई तयार होणार कशी? शिवाय ती मडम चांगली थोराड. पण वेंकटराव डोकेबाज माणूस. त्यांनी शिंप्याकडून झग्याची सगळी पाठ कापून काढली आणि कडांना नाड्या लावून घेतल्या. बाईनं लुगड्यानिशी उभं राहायचं, समोरून हात बाह्यांत घालायचे आणि मागून घरातल्या कोणी नाड्या आवळायच्या. पुढून मडम, मागून काष्टा घातलेली आपली अक्का. कॅमेऱ्याला पाठ दिसत नाही, तेव्हा कोणाचं काही बिघडत नव्हतं.

त्या काळी साध्या घरातल्या बाईचा फोटो जन्मात एकदाच निघायचा, आणि निघायचाच तर झग्यात निघावा असं वाटणाऱ्या पुष्कळ होत्या. उपवर मुली आल्या, नव्या सुना आल्या, एक विहीणबाईसुद्धा लाजत लाजत येऊन गेल्या. तोच झगा, तीच लेस, मागे पडद्यावर रंगवलेला तोच जिना. मग त्या बायका संसाराला लागल्या, म्हाताऱ्या झाल्या, एकेक करून गेल्या, आणि तेव्हा कुठे घरच्यांना या हौसेची पंचाईत कळली. तंजावूरच्या मराठी घरांत लग्नाआधी सुवासिनींची पूजा असते. घराण्यातल्या ज्या बायका नवऱ्याच्या आधी, कपाळाच्या कुंकवानिशी गेल्या, त्यांना कार्याचं बोलावणं करायचं. पाटावर कोरं नऊवारी ठेवायचं, त्यांचा फोटो मांडायचा, सुवासिनी जेवू घालायच्या. आता त्या पाटावर मडम कशी बसवणार? भटजी तोंडानं काही म्हणत नसत, पण नाक मुरडल्याशिवाय राहत नसत.

बापानं घातलेल्या या गाठी सोडवण्यात मुलाचा जन्म गेला. वेंकटरावांचा मुलगा वादिराज फोटोग्राफर म्हणून बेताचाच होता. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरला की बावचळायचा. पण हातात ब्रश आला की गडी निराळा. लोक झग्यातला जुना फोटो घेऊन येत. तो त्यावरून मोठी प्रत काढी, आणि त्या प्रतीवर रंगानं झगा बुजवून बाईला लुगडं नेसवी. तपकिरी, जरीच्या काठांचं, पदर दोन्ही खांद्यांवरून. लुगडं सोपं. कॉलर काढल्यावर उघडा पडणारा गळाही एक वेळ मंगळसूत्र आणि सरीनं भरून निघे. कठीण होते ते हात. झग्यानं हात पार गिळून टाकलेले असत, लेसमधून बोटांची टोकं तेवढी दिसत, आणि चोळीची बाही तर दंडावरच संपते. म्हणजे कोपर, मनगट, तळवा हे सगळं मनानं काढायचं. मनानं काढलेला हात लाटण्यासारखा दिसतो. वादिराजचे सुरुवातीचे हात तसेच दिसत, आणि एका यजमानानं तर तोंडावर विचारलं होतं, की आमच्या अत्तेस लाकडाचे हात कां बसवलांत?

मग वादिराजचं लग्न झालं. बायकोचं नाव अंबुजा. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिनं ती पत्र्याची पेटी उघडली, झगा अंगाला लावून बघितला आणि मागून आरपार मोकळा पाहून खाली बसून हसली. झग्याची चाल तेव्हा संपून गेली होती, तरी ती म्हणाली, मज घालून एक काढा. वादिराजनं काढला. ओठ घट्ट मिटलेले आहेत, पण हसू गालांत जमून राहिलंय, असा तो फोटो आला. त्या झग्यातला तो शेवटचा, आणि अंबुजेचाही तो एकटाच राहिला. गावभर फोटो काढणाऱ्याच्या बायकोचा दुसरा फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

हाताचं कोडं तिनंच सोडवलं. दुपारी जेवणं उरकली की मागच्या पडवीत ती त्याच्यासमोर बसे आणि हात पुढे धरी. कधी मांडीवर ठेवलेले, कधी ओटीपाशी जुळवलेले, कधी खुर्चीच्या दांड्यावर. वादिराज बघून बघून काढी. फोटोतल्या बायकांना एकदम जीव आला. लोक फोटो हातात घेत आणि त्यांचे डोळे भरून येत. अगदी अम्मेचेच हात, असं म्हणत. वादिराज मान हलवी. ती कुणाची अम्मा आणि कुठली कोण, हात सगळे अंबुजेचे.

"मेल्यावर सगळ्यांस माझेच हात," अंबुजा म्हणे. "मी वर जाईन तेव्हां मज कोण ओळखील?"

"मी ओळखीन की."

"तुम्ही माझ्या मागून येणार. तोंवर मी काय करूं?"

असं काही वर्षं चाललं. पहिला मुलगा मुरली चालायला लागला होता त्या सुमारास एका दुपारी वादिराज तिचा कोपर काढत होता, आणि कोपराच्या आतल्या अंगाला त्याला मसुरीच्या डाळीएवढा पांढरा ठिपका दिसला.  ब्रश थांबला एवढंच. अंबुजेनं त्याच्या नजरेचा माग काढत स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि हात काढून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पडवीत आली नाही. त्यानंही हाक मारली नाही.

ते कोड होतं. वैद्य झाले, वैद्यीश्वरन कोविलात रोग बरे करणाऱ्या शंकराला नवस झाला, मीठ तोडलं, वांगं सोडलं. ठिपका पसरायचा तो पसरलाच. आधी हात, मग मान, मग ओठांच्या कडा. ज्यांच्या घरच्या मयत बायका तिचे हात घालून भिंतीवर बसल्या होत्या, त्यांनीच तिला सुवासिनी म्हणून जेवायला बोलवायचं बंद केलं. कोणी उघड बोललं नाही. या वर्षी माणसं फार झालीं, एवढंच सांगत. ती पदर दोन्ही हातांवरून ओढून घ्यायला शिकली. घरात कधी कोणी कॅमेरा काढलाच तर तिला नेमकी चुलीवरची कापी, म्हणजे कॉफी, आठवे आणि ती स्वयंपाकघरात निघून जाई.

वादिराजचं काम थांबलं नाही. हात पाठ झाले होते, आता ते तो आठवणीनं काढू लागला. पण आठवणीवर ब्रश फिरून फिरून ती गुळगुळीत होते. त्याचे हात हळूहळू गोरे, गुबगुबीत, निमुळत्या बोटांचे झाले, कॅलेंडरवरच्या लक्ष्मीचे असतात तसे. गिऱ्हाइकांना ते जास्तच आवडले.

अंबुजा गेली ती पावसाळ्यात, ज्वराचं निमित्त होऊन. तोवर तिचे हात खांद्यापर्यंत सगळे पांढरे झाले होते. मुरलीची मुलगी हरिप्रिया त्याच हातांनी वाढली. आई वरलक्ष्मी शाळेत शिकवायला जाई, त्यामुळे न्हाऊमाखू घालणं, वेणी, दहीभात, सगळं अज्जीकडे. त्या पोरीला हात असेच असतात असं कितीतरी दिवस वाटत होतं.

मधल्या काळात गाव बदललं. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ झाले, घरांवर केबलच्या वायरी आल्या, रंगीत फोटो तासाभरात धुऊन मिळू लागले. बसस्टँडाजवळ एकानं संगणकावर फोटो जुळवून द्यायचं दुकान काढलं. वादिराजकडे वर्षातून एखादं काम यायचं. डोळ्यांतही पाणी उतरायला लागलं होतं. त्याला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. झगे संपले होते, झगेवाल्या संपल्या होत्या, आता आपणही संपायचं, असा त्याचा सरळ हिशोब होता.

तेवढ्यात हरिप्रियेचं लग्न ठरलं. मुलगा प्रणवेश, मद्रासला सॉफ्टवेअरच्या कंपनीत, पुढच्या वर्षी अमेरिकेला जायचा. आपलीच माणसं, पण दोन पिढ्यांमागे तंजावूर सोडलेली. सगळं कसं मनासारखं. फक्त मुलाची आई राजलक्ष्मीबाई सुवासिनींच्या पूजेला स्वतः यायच्या होत्या.

मुरली वडिलांपाशी येऊन बसला. तो चांगला मुलगा होता, म्हणूनच त्याला बोलायला वेळ लागला.

"अप्पा, पूजेस अम्मेचा फोटो पाहिजे. तो गौनमधला आहे ना, तो लुगड्यांत करून द्या."

"करतों."

"हात तेवढे नीट करा."

वादिराजनं त्याच्याकडे पाहिलं. मुरली जमिनीकडे बघत होता. दारात सून वरलक्ष्मी उभी होती, तिचे डोळे भरले होते.

"मामा, रागें भरूं नका," ती म्हणाली. "अत्तेंनी माझी पोर वाढवली, तें मी विसरेन काय? पण ते लोक विचारणार. कोड वंशांत येतं म्हणतात. ठरलेलं मोडलं तर हरिप्रियेचं पुन्हा कोठें जमवायचं?"

"सरी, करतों तसं," वादिराज म्हणाला.

त्यानं फोटोची मोठी प्रत काढून आणली आणि पडवीत मांडली. डोळ्यांसमोर अंबुजा, गालांत हसू धरलेली, अंगावर मडमेचं सॅटिन. लुगडं त्यानं पटकन नेसवलं. गळा केला, कुंकू लावलं. मग हातांपाशी आला आणि अडला. डोळे मिटले की त्याला दिसायचे ते शेवटचे पांढरे हात. ते काढायची तर मनाई होती. आणि नीट हात म्हणून ब्रशातून जे उतरायला बघत होते ते कॅलेंडरवाले, गावातल्या सगळ्या मेलेल्या बायकांचे. त्यांच्या आधीचे, ती पडवीत बसून पुढे धरायची ते हात त्याला काही केल्या आठवेनात. साऱ्या गावाला बायकोचे हात वाटले, आणि तिच्यासाठी आज आपल्यापाशी तिचे हात नाहीत, या विचारानं तो बसल्या जागी घामाघूम झाला. त्याला दुसरं काही नको होतं. कोड नको तर नको. पण तिच्या अंगाला हात लागायचे ते तिचेच लागावेत, परक्याचे नकोत.

मग त्याला सुचलं, की लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत केलेले फोटो गावोगावच्या भिंतींवर अजून असतील. त्यांतले हात समोर बघून काढलेले आहेत. ते एकदा डोळे भरून बघायचे आणि परत येऊन काढायचे. एवढं साधं काम होतं.

तो बसनं ओरत्तनाडूला गेला. तिथं कृष्णाजी म्हणून एकाच्या घरी त्याची आजी भिंतीवर होती. कृष्णाजीनं कौतुकानं फोटो उतरवून दिला. आजीचा चेहरा शाबूत होता, नाकातली मोरणीसुद्धा चमकत होती. पण भिंतीला ओल धरली होती आणि फोटोचा खालचा निम्मा भाग बुरशीनं खाल्ला होता. लुगडं पोटापर्यंत, पुढे राखाडी डाग. वादिराज फोटो उजेडात धरून तिरका करून बघत राहिला. कृष्णाजीला वाटलं, म्हातारा आपलं जुनं काम बघून हळवा झाला.

"चेहरा राहिला आहे ना," कृष्णाजी म्हणाला. "बस की. हातांकडे कोण पाहतो."

दुसरं घर तिरुवैयारूला, सीतारामरावांचं. त्यांच्या अम्मेचा फोटो म्हणजे वादिराजचं सगळ्यांत चांगलं काम. तो करायला त्याला महिना लागला होता आणि महिनाभर अंबुजा रोज बसली होती. दार उघडल्याबरोबर समोर भिंतीवर सीतारामरावांची अम्मा दिसली, पण ती भलतीच. लखलखीत रंग, मागे निळं आकाश, हातांत सोन्याच्या बांगड्या, कोणा तरी नटीचे हात आणून चिकटवलेले.

"मुलानं संगणकावर करून आणलं," सीतारामराव आनंदानं म्हणाले. "कसं आहे?"

"चांगलं आहे. जुना फोटो कोठें आहे?"

"कांच फुटली होती. फुटका फोटो घरांत ठेवूं नये म्हणतात. आडी महिन्याच्या अमावास्येस कावेरींत सोडला." मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं. "परवा इल्लै, चालायचंच, राव. तुमचं काम फार दिवस टिकलं."

वादिराज नदीवर गेला. जायची गरज नव्हती, पण पाय वळले. घाटाच्या पायऱ्यांवर कोणाचं तरी क्रियाकर्म चाललं होतं आणि पाणी फारसं नव्हतंच, वाळूच जास्त होती. तो थोडा वेळ बसला. त्याला रडू आलं, तसा तो रडला, आणि पंच्यानं तोंड पुसून परतीच्या बसमध्ये बसला.

घरी येऊन त्यानं हात काढले. ब्रशाला जे येत होते ते काढले. गोरे, गुबगुबीत, निमुळत्या बोटांचे, एकावर एक ठेवलेले.

पूजेचा दिवस आला. पाटावर अंबुजेचा फोटो, समोर कोरं नऊवारी, फुलं, विडा. ज्या बाईला जितेपणी पंचवीस-तीस वर्षं कोणी सुवासिनी म्हणून पानावर बसवलं नाही, तिच्यासमोर आज सुवासिनी ओळीनं वाकत होत्या. हे बघायला ती असती तर खाली बसून हसली असती, असं वादिराजला वाटलं. बायका फोटो बघून हळहळल्या. अंबुजेची धाकटी बहीण आली होती, तीही म्हणाली, अगदी अक्काचेच हात. ती हे मनापासून म्हणत होती, यात शंका नव्हती.

राजलक्ष्मीबाईंनी फोटोला हळदकुंकू लावलं, वाकून बराच वेळ बघितलं. जेवणं झाल्यावर वादिराज बाहेर ओट्यावर बसला होता, तिथं त्या आल्या. वाईट बाई नव्हती. मुलाची आई होती, एवढंच.

"राव, एक विचारूं? मनांत ठेवण्यापेक्षां विचारलेलं बरं."

"विचारा की."

"तुमच्या घरांत कोणास कोड होतं, असं मज कोणी सांगितलं. हरिप्रियेच्या अज्जीस म्हणून."

घराच्या आत भांड्यांचा आवाज थांबला. वादिराजनं वळून पाहिलं नाही, पण दाराआड वरलक्ष्मी आणि तिच्यामागे हरिप्रिया उभी आहे हे त्याला कळत होतं. त्याच्या मनात आलं, सांगावं. सांगावं, की होतं, आणि त्या हातांनी ही पोर वाढवली, आणि असल्या हातांची बाई पुन्हा या घरात येणार नाही. पण आतमध्ये ज्या पोरीला त्या हातांनी भरवलं होतं ती श्वास धरून उभी होती.

"नाही," तो म्हणाला. "लोक काय, काहीं बोलतात. तुम्ही फोटो पाहिलांत ना."

"पाहिला. तेंच म्हटलं." राजलक्ष्मीबाईंचा चेहरा मोकळा झाला. "हात काय सुंदर होते हो त्यांचे."

त्या आत गेल्या आणि भांडी पुन्हा वाजायला लागली. खोटं बोलणं एवढं सोपं असतं हे वादिराजला माहीत नव्हतं. तसं पाहिलं तर त्यानं आयुष्यभर तेच केलं होतं, पण रंगानं. तोंडानं बोलायची ही पहिलीच वेळ, आणि तीही तिच्याच बाबतीत, तिच्याच पूजेच्या दिवशी. त्याला स्वतःची किळस आली.

तो उठून मागच्या पडवीत गेला आणि रंगांची पेटी आवरायला लागला. आता हिचं काही काम उरलं नव्हतं. थोड्या वेळानं हरिप्रिया आली. तिनं दार लोटून घेतलं आणि कडी लावली.

"अज्जा, रागें भरणार नाहीं ना?"

"कशास?"

तिनं कोपराखाली उतरलेली चोळीची बाही वर सरकवली आणि उजवा हात त्याच्यासमोर उताणा धरला. कोपराच्या आतल्या अंगाला एक पांढरा ठिपका होता.

वादिराज खाली बसला. त्यानं चष्मा लावला, तिचा हात मांडीवर घेतला आणि ठिपका निरखला. कड स्पष्ट होती. भाजल्याचा नव्हता, बुरशीचा नव्हता.

"केव्हांपासून?"

"पोंगलापासून. अम्मेस सांगितलं नाही. कोणासच नाही." तिचा आवाज अगदी हळू होता. "मुहूर्ताच्या दिवशीं रंग लावून द्याल? घाम आला तरी जाऊं नये असा. तुम्हांस येतं ना."

 लपवू नकोस म्हणावं, तर मघाशी ओट्यावर कोण लपवून बसलं होतं? डॉक्टरला दाखवू म्हणावं, तर मुहूर्त आठवड्यावर आला होता. आधी करून बघावं म्हणून त्यानं पेटी पुन्हा उघडली. अंगाला चालेल असं त्यातलं काय आहे ते शोधलं. नाटकवाल्यांच्या कामासाठी आणलेली पावडर होती, गेरू होता, पिवळी माती होती. घरातून खोबरेल आणायला सांगितलं. बशीत घोटून त्यानं रंग जुळवायला घेतला. आधी जरा लालसर झाला, मग फिका पडला. तिच्या कातडीशेजारी बोट लावून लावून त्यानं तो बरोबर आणला. मग सगळ्यांत बारीक ब्रश घेऊन ठिपक्याच्या कडेकडेनं आत येत येत तो बुजवला, वर पावडरीचा हलका हात फिरवला. एवढ्या एका ठिपक्यापलीकडे त्याला दुसरं काही दिसत नव्हतं. नजर अधू झाली होती, तेव्हा चूक होऊ नये म्हणून तो फार जपत होता.

"बघ," तो म्हणाला.

हरिप्रियेनं हात खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवला. "गेला," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी श्वास सोडावा तसा तिनं श्वास सोडला. वाकून तिनं त्याच्या पायांना हात लावला, बाही खाली केली, कडी काढली आणि आत गेली. तिला आत बांगड्या भरायला बोलावत होते.

वादिराज ब्रश धुऊ लागला. ब्रश धुता धुता तो एकाएकी थांबला. मघाशी मांडीवर होता तो हात. कोपरापासून किंचित बाहेर वळलेला, मनगटाच्या हाडाशेजारी खळी असलेला, करंगळी बाकीच्या बोटांपासून जराशी लांब धरलेली. दुपारची वेळ, हीच पडवी. तो हात अंबुजेचा होता. ज्याच्यासाठी तो ओरत्तनाडूला गेला, कावेरीवर जाऊन रडला, तो हात आपल्या पायांनी चालत आला होता, मांडीवर येऊन टेकला होता, चांगला अर्धा तास तिथंच होता. आणि त्यानं पाहिला तो फक्त डाग. अंबुजेच्या वेळीही त्यानं तेवढंच पाहिलं होतं.

तो धडपडत उठला आणि माजघराच्या दारापर्यंत गेला. हरिप्रिया बायकांच्या घोळक्यात बसली होती. बांगडीवाल्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला होता, आणि मनगटापासून वर हिरवा चुडा चढत चालला होता, खाली फार थोडा हात दिसत होता. तिला हाक मारायला वादिराजनं तोंड उघडलं. पण काय सांगून बोलावणार? डाग तर अगदी नीट बुजला होता.